पिवळ्या पळसाचं मूळ

पळस पिवळाही असतो, हे पुस्तकात वाचलं होतं; खरं वाटलं नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी बारावीत होते. धुळवडीच्या रंगासाठी फुलं आणायला मैत्रिणीबरोबर चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याशी गेले होते. सगळं रान केशरी पेटलेलं आणि नाल्याच्या काठी तो एकटाच हळदीसारखा पिवळा. फूल तोडायचा धीर झाला नाही. खाली पडलेलं एक तेवढं उचललं.

घरी येऊन मी फक्त नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे वडील, शाळेत विज्ञान शिकवायचे. लिंबू-मिरची आणि अंगात येणाऱ्यांची टर उडवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्यांनी फूल भिंगाखाली पाहिलं, जागा खोदून खोदून विचारली. मला वाटलं, आता वर्गाला घेऊन जातील. मूर्ख मी!

आठवड्यानं पुन्हा गेले. झाडाची साल कमरेपर्यंत सोललेली, बुंध्याभोवती खड्डे, मुळं तोडून नेलेली. फुलं सुकून काळी पडली होती. पिवळ्या पळसाचं मूळ घरात ठेवलं की बरकत येते, असं आमच्याकडे मानतात. सगळ्या गावाला शिव्या घालत मी घरी आले.

संध्याकाळी दिवा लावायला बसले, तर देव्हाऱ्यात लाल फडक्यावर ठेवलेलं, हळदकुंकू वाहिलेलं मूळ.

"नाना, हे कुठून आलं?"

"शाळेत विषय काढला, तर दोघं शिक्षक निघाले, मीही गेलो," पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणाले. "माझा विश्वास नाही गं. पण कुणीतरी नेलंच असतं."

आईनं री ओढली, "दुसरा लई ग्यात, आपन लयनं ते काय वाईट शे?" दुसऱ्यांनी नेलं, मग आपण आणलं तर काय बिघडलं, असं तिचं म्हणणं.

माझं डोकंच फिरलं. मानणारा माणूस निदान फसलेला असतो. पण न मानता झाड मारणाऱ्याला काय म्हणायचं? तो राग माझ्यात अजून तसाच आहे.

मी ते मूळ उचललं आणि सरळ चुलीत घातलं. नानांनी आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या थोबाडीत मारली. मग चुलीपुढे उकिडवे बसले, चिमट्यानं ते जळकं मूळ बाहेर ओढलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं हळूहळू पुसत राहिले.