बंदूक मिळण्याआधी

मुलाला ईमेल करायला मी पलासियाच्या सायबर कॅफेत जायची. माउस टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखायची, आणि हसायची मात्र शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या काकांना! त्यांची मिल बंद पडलेली, तरी मांडीवर जेवणाचा डबा. ते खेळत त्या बंदुकीच्या गेमचा नायक कारखान्यात कामाला येतो, साथीदार रामराम करतात, मग स्फोट होतो. काका स्फोटाआधीच थांबून गेम पुन्हा पहिल्यापासून लावत.

कॉलेजची पोरं म्हणत, "स्टोरी जोरदार, पण बंदूक फार उशिरा मिळते. काकाजी, आगे तो बढो!"

एकदा काका त्यांच्यातल्या एकाला म्हणाले, "बंदूक मिळते तोवर सगळे मेलेले असतात, भिया. इथपर्यंत सगळे ड्यूटीवर आहेत."

पडद्यावरच्या चौकीदारानं फाटक उघडलं. काकांनी सवयीनं डबा उचलला.