सावळीच्या गळ्यातली सुपारी

शेणवे गावच्या सावळीच्या गळ्यावर, हनुवटीखाली बरोबर मधोमध, जन्मापासून एक गाठ होती. सुपारीएवढी, गोल, ना दुखणं ना खुपणं. त्यात बाईचा आवाज असा, की मांडवात उभं राहून तिनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं उचललं, की पलीकडच्या पाड्यावरची माणसं हातातलं काम टाकून ऐकत. मग काय, गावानं ठरवूनच टाकलं. लग्नात गायला बोलवायचं तर गाणारीला सुपारी द्यावी लागते. हिला तर देवानं सुपारी देऊनच धाडलंय! आवाज राहतो तो त्या गाठीतच. नवऱ्या मुलींच्या आया गाठीला हळदीचं बोट लावून पाया पडायच्या. सावळीही काय कमी नव्हती, गाठ दिसेल असाच पदर घ्यायची.

एकावन्नाव्या वर्षी गाठ वाढायला लागली. मुलगी पूजा मुरबाडला औषधाच्या दुकानात कामाला. वैशाखात तिचं लग्न ठरलेलं. तिनं एकदा बोट लावून पाहिलं, तर एका बाजूनं टणक.

"आये, डॉक्टरला दाखवू."

"आन् त्यांनी कापली मंजे? तुज्या लग्नात धवला कोन गाईल, डीजे?"

"कापायची नाय गो. नुसती सोनोग्राफी करू."

आता सोनोग्राफी हा शब्द गावात एकाच कामासाठी वापरतात. जीपमध्ये शेजारच्या चिमाबाईनं विचारलं, "कुटं चाललीस?" आणि या भोळीनं खरं सांगितलं. किन्हवली येईपर्यंत अख्खी जीप तिच्या पोटाकडे बघत होती.

"पन्नाशीत गो? वाल्मिकभाऊ लय गुणाचं निगालं की!" चिमाबाई म्हणाली.

"मेल्यांनो, गळ्याची! गळ्याची सोनोग्राफी!" सावळी ओरडली. नवऱ्याचं नाव असं जीपभर झालेलं पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मुरबाडच्या डॉक्टर शीतल तरुण, पण हुशार. त्यांनी आधी सांगितलं, "मावशी, जीभ बाहेर काढा." सावळीला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण जीभ काढली, तशी गाठ टुणकन वर सरकली. डॉक्टरीण म्हणाली, "आईच्या पोटात असताना गळ्यातली एक ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली उतरते. मग तिची वाट बुजते. तुमची बुजली नाही, तिथं पाणी साठलं."

गळ्याला गार जेल लावून ती पडद्याकडे बघत गप्पा मारत होती. एकाएकी तिच्या गप्पा थांबल्या. हातातलं यंत्र त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरू लागलं.

"नुसतं पाणी असतं तर सगळं काळं दिसलं असतं," डॉक्टरीण सावकाश म्हणाली. "आत हा गोळा भिंतीला चिकटलाय. त्यात रव्यासारखे पांढरे कण आहेत. अशा गाठी बहुतेक साध्याच असतात, पण ही मला साधी वाटत नाही. कॅन्सर असू शकतो. सुई घालून तपासू. तसं निघालं तर काढावी लागेल. लवकर काढली तर बहुतेक वेळा बरं होतं."

पूजा रडायला लागली. सावळी मात्र एकच बोलली, "काढायची नाय. माजा आवाज जाईल. पोरीच्या लग्नात मुकी बसू का मी?"

डॉक्टरणीनं वाद घातला नाही. यंत्र बोटभर खाली सरकवलं. "मावशी, गा."

"हितं? निजून?"

"हो, गा."

सावळीनं बिचकत बिचकत सूर लावला. पडद्यावर दोन बारीक रेघा थरथर थरथर नाचू लागल्या. ती थांबली, रेघा थांबल्या. पुन्हा गायली, पुन्हा नाचल्या.

"हा तुमचा आवाज. आणि गाठ ही इथं, वर. तिचा याच्याशी काही संबंध नाही."

सावळी मान वळवून बघतच राहिली. मग एकदम भडकलीच. "मंजे ही नुसती बसून व्हती? एवढी वरसं माज्या गान्याची हलद हिनं लावून घेतली? काढा मेलीला!"

सुईच्या तपासणीत कॅन्सरच निघाला. दिवाळीआधी ठाण्याला ऑपरेशन झालं. गाठीबरोबर जिभेखालच्या हाडाचा तुकडाही काढला. सगळं वेळेत झालं, पसरलं कुठंच नव्हतं. चार दिवस घसा धरला होता, तेवढ्यात बाईनं सगळ्या देवांना धारेवर धरलं.

वैशाखात मांडव घातला. बाया सावळीच्या गळ्यावरचा व्रण बघून कुजबुजत होत्या. ती उभी राहिली, कानाला हात लावला आणि धवला उचलला. तोच आवाज, तसाच खणखणीत. चिमाबाईचा आ वासलेला. मग नवरीचं नाव घ्यायची ओळ आली. "पूजा" म्हणताना सावळीचा सूर चिरकला आणि बंदच पडला.

चिमाबाईनं कपाळावर हात मारला. "गेला गो, गेला हिचा आवाज!"

सावळीनं पदरानं नाक पुसलं आणि तिच्यावर खेकसली, "आवाज कुटं जातोय गो? पोर चाललीय माजी!"