म्हशीसाठी थांबले, नातीसाठी नाही

"गाठ परत आलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी पदर खोचून उठलेच. काम झालं होतं!

"आजी, बसा. अजून सांगायचंय."

माझी नात ओवी चौदा वर्षांची. सहाव्या वर्षी तिच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार. पोरगी वाचली. आम्ही आमच्या गावात, मुरगुडात पेढे वाटले आणि विषय बंद केला.

विषय बंद झाला नव्हता. आता कोल्हापूरच्या दवाखान्यात दोन दिवस तिच्या चाचण्या झाल्या. चित्रं जुळवायची, ऐकलेले आकडे परत सांगायचे. मी बाहेर बाकावर देव आठवत होते.

"हे लेट इफेक्ट्स आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे उपचारांचे उशिरा दिसणारे परिणाम. "किरणांनी गाठ मारली, पण वाढत्या मेंदूलाही झळ लागली. तिचा प्रोसेसिंग स्पीड कमी झालाय. ऐकलेलं पोचायला आणि उत्तर यायला वेळ लागतो. समज चांगली आहे. घाई करू नका."

तीन वर्षं माझं निदान वेगळंच होतं: आळस. औषध, भिजवलेले बदाम आणि आरडाओरडा. "ओवे, दूध तापव, वैरण टाक, जाताना दार ओढ!" ती दूध तापवून उभी राहायची. "कान हायत का भोकं?" मी विचारायचे. मोठी डॉक्टरच मी!

ओवी तर नववीच्या परीक्षेला बसणारच नाही म्हणत होती. "मी मंदच हाय, आज्जे. पेपर अर्धाच व्हतोय." 'मंद' हा शब्द तिला घरातूनच मिळालेला. कुणाकडून, ते विचारू नका.

घरी आल्यावर धारेला बसले आणि लग्नानंतरची माझी पहिली धार आठवली. बसल्या बसल्या सड ओढायला लागले होते. म्हशीनं मला बादलीसकट शेणात बसवलं. सासूबाई हसून लोळल्या. "अगं, पान्हा सोडू दे की तिला!" आधी थोपटायचं, मग थांबायचं, मग दूध उतरतं. चाळीस वर्षं मी रोज दोन वेळा म्हशीसाठी थांबतेय. नातीसाठी एक मिनिट थांबवेना.

दुसऱ्या दिवसापासून एका वेळी एकच काम सांगायला लागले. सांगितलं की लगेच माझ्याच तोंडात मूठभर शेंगदाणे. तोंड भरलं की दुसरं काम बाहेर पडत नाही! तुमच्या घरी असं लेकरू असेल तर करून बघा. स्वस्त आणि गुणकारी.

ओवी विसरते अजून. ते पूर्ण जाणार नाही, दरवर्षी तपासणीही लागणार. पण सूनबाईनं डॉक्टरांचं पत्र शाळेत दिलं, जादा वेळ मिळाला, आणि ओवी परीक्षेला बसली.

शेवटच्या पेपरला मी फाटकाशी उभी. सगळी पोरं गेली. मग ओवी आली, हसत. "आज्जे, सगळा लिवला!"

"लई वेळ लावलास की गं!" निघून गेलं तोंडातून.

ओवी माझ्याकडं बघत राहिली. मी थांबले. तिनं सावकाश विचार केला आणि म्हणाली, "शेंगदाणं संपलं व्हय?"