ड्यूक थांबेल, नळ थांबणार नाही

नळ यायच्या दिवशी सिस्टरबाई फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि एकट्याच हसायच्या. हातात इंग्रजी पुस्तक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पायाशी पाइपाचं वेटोळं. आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही त्याच्या मनात आलं तर. त्यामुळं त्या दिवशी सगळी गल्ली ड्रम, घागरी मांडून दारात ताटकळत असते. ताटकळलेल्या माणसाच्या तोंडातून काय निघतं ते सांगायला नको. सगळे शिव्या देत बसलेले आणि ही बाई हसतीय. मला पहिल्यांदा त्याचाच राग आला.

मी मोंढ्यात हमाली केलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण कोणाच्या बापाला भ्यालो नाही. मी सरळ जाऊन विचारलं, "बाई, इथं घशाला कोरड पडली आणि तुम्हाला हसू कशाचं येतंय?"

त्यांनी पानात बोट घातलं आणि म्हणाल्या, "रंगनाथभाऊ, एका म्हातारीनं एका सरदाराला चहा पाजता पाजता नागडा केला. बसा, सांगते."

मी बसलो. आणि त्यानंतर कित्येक वर्षं नळाच्या दिवशी तिथंच बसत आलो. हे मला आज लिहावं लागतंय, कारण बाई गेल्यावर विहारात त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग खोटं चांगलं बोललेलं कसं चालतं?

कमल साळवे त्यांचं नाव. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, पुष्कळ वर्षं जळीत वॉर्डात. मालक लवकर वारले, मूलबाळ नाही. इंग्रजी त्या नर्सिंगला असताना शिकल्या. केरळची एक मेट्रन होती, ती ड्युटी संपली की असलीच पुस्तकं वाचायची. तिनं एक यांच्या हातात दिलं. पहिलं पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं, दुसरं डिक्शनरीशिवाय, आणि तिसऱ्यापासून बाई कामातून गेल्या, असं त्याच सांगायच्या. पगार झाला की गुलमंडीच्या बाजूला जुन्या पुस्तकांच्या ढिगात जाऊन उकिडव्या बसायच्या आणि पिशवी भरून आणायच्या. कव्हरावर उघड्या खांद्याची गोरी बाई आणि मागं घट्ट विजारीतला एक सरदार. दुसरं कोणी असतं तर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं असतं. बाई पुस्तक तसंच हातात धरून रिक्षात बसायच्या. कोणी टक लावून बघितलं तर पुस्तक त्याच्यापुढं करून म्हणायच्या, "घ्या, नीट बघा. आतमध्ये याहून मजा आहे."

गोष्टी सगळ्या दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या. तिथला म्हातारा राजा भ्रमिष्ट झालेला आणि त्याचा पोरगा कारभार बघायचा, त्या काळातल्या. घोडागाड्या, नाचाच्या मजलिसी, चिखलात भरलेले झगे आणि लग्नाला आलेल्या पोरी. ड्यूक म्हणजे आपल्याकडच्या जहागीरदाराच्याही वरचा. बाई इंग्रजीत वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. ओळ आली की आधी स्वतः हसून घ्यायच्या, मग "थांबा" म्हणून हात वर करायच्या, डोळे पुसायच्या आणि मग आम्हाला सांगायच्या. बायका म्हणायच्या, "सिस्टर, आधी आमाला सांगा, मंग हसा." पण ते त्यांना जमायचं नाही.

शेजारच्या गयाबाईला प्रत्येक लग्नात मध्यस्थ कोण ते कळाल्याशिवाय गोष्ट पुढं जाऊ द्यायची नसायची. "हुंडा किती ठरला?" तिनं एकदा विचारलं. सिस्टरबाईंनी आकडा सांगितला. विलायतेतही हुंडा होता, हे कोणाला ठाऊक नव्हतं. गयाबाई म्हणाली, "मंग गोऱ्या कातडीचा उपेग काय झाला?"

माझं भांडण वेगळं होतं. मी विचारलं, "हा ड्यूक कामाला कुठं जातो?"

"जातच नाही."

"मग खातो काय?"

"कुळांचं."

"म्हणजे आपल्यासारख्यांचं. आणि त्याचं लग्न होतंय का नाही याची काळजी आपण करायची?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तो काय आहे ते मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. आज आपण त्याच्या लग्नाला चाललोय, शेतावर नाही. शेतावर जायचं असेल तेव्हा मी तुमच्या पुढं असेन." आणि ते खरं होतं. मोर्चा असो, दवाखान्यातला संप असो, बाई पुढं असायच्या. पण ऐन वादात, ऐन लग्नात, कुठंही असो, नळातून फुसफुस हवा आली की पुस्तक मिटायचं. "चला, पाणी आलं. ड्यूक थांबेल, नळ थांबणार नाही." बायका बोंबलत उठायच्या. मग आठवडाभर त्या ड्यूकचं काय झालं याचा घोर सगळ्या गल्लीला.

आमच्या विहार कमिटीचे अध्यक्ष म्हणजे सर. कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. माणूस सज्जन, पण हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या मंडळी लताबाई आमच्यात येऊन बसायच्या, सर मात्र गॅलरीतून बघायचे. एक दिवस खाली आले आणि म्हणाले, "सिस्टर, आपल्या समाजानं शिक्षण कशासाठी घेतलं? ज्यांनी साऱ्या जगाला लुटलं त्यांच्या लग्नाच्या गोष्टी वाचायला?"

बाई म्हणाल्या, "सर, माझी आजी दुसऱ्याच्या लग्नात उष्टी पत्रावळ उचलायला उभी राहायची. मी कोणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसते, तेही पुस्तक विकत घेऊन. रडायला शिकावं लागत नाही. हसायला सवड लागते, आणि ती आपल्याला कोणी दिली नाही. मी घेतली."

सर म्हणाले, "तुम्ही जळीत वॉर्डात इतकं दुःख बघितलं, मनाला विरंगुळा हवा, हे मी समजू शकतो."

तेव्हा मात्र बाईंचा आवाज चढला. "औषध म्हणून नाही वाचत मी. औषधं जन्मभर वाटली. मजा येते म्हणून वाचते. तेवढंच कारण आहे, सर, आणि तेवढं पुरेसं आहे."

गेल्या हिवाळ्यात जे पुस्तक चालू होतं त्यात एक पाद्र्याची पोरगी होती. चष्मेवाली, तोंडाची फटकळ. गाडीतून उतरली आणि समोर चिखलानं भरलेला एक माणूस दिसला, त्याला हमाल समजून तिनं आपली ट्रंक त्याच्या खांद्यावर दिली. तो होता ड्यूक. त्यानं सांगितलंच नाही, मुकाट्यानं ओझं वाहिलं. ते ऐकून मी म्हणालो, "ट्रंकेखाली गोणपाट घेतलं होतं का? नसेल तर खांदा सोलला असणार." बाई इतक्या हसल्या की खोकला लागला. पुढं पोरीला खरं कळालं, तिला वाटलं यानं आपली मस्करी केली, तिनं बोलणं टाकलं. मग एक दिवस भर मजलिसीत, सगळी बडी माणसं नाचत असताना, दार उघडून तो ड्यूक आत आला, खांद्यावर तीच ट्रंक. पोरीसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, कुठं ठेवू?"

आणि पाणी आलं.

पुढच्या नळाच्या दिवशी खुर्ची रिकामी होती. तो खोकला हसण्याचा नव्हता. बाई ज्या दवाखान्यात जन्मभर उभ्या राहिल्या तिथंच आडव्या झाल्या. मी भेटायला गेलो तेव्हा विचारलं, "काय म्हणाली ती पोरगी?" नाकातोंडाला मास्क होता. डोळ्यांनी हसल्या आणि मास्क बाजूला करून म्हणाल्या, "घरी आल्यावर सांगते. इथं सांगितलं तर मजा जाईल. आणि भाऊ, माझं कपाट विहाराच्या वाचनालयाला द्यायचं. पुस्तकांसकट. लक्ष ठेवा." एवढंच मागणं. घरी त्या आल्या नाहीत.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बाईंचा फोटो, हार, मेणबत्त्या, आणि फोटोपुढं जाडजूड ग्रंथ मांडलेले. मी जवळ जाऊन बघितलं. सगळ्यांवर वाचनालयाचा शिक्का. बाईंची स्वतःची पुस्तकं कुठं होती? त्यांच्या भाच्यानं दोन पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली होती, रद्दीवाला यायचा होता. आणि एकेक माणूस उठून बोलतोय. सिस्टर गंभीर वाचक होत्या. सिस्टरांनी जन्मभर वैचारिक ग्रंथांची साथ सोडली नाही. एकानं तर सांगितलं की त्यांना कधी वायफळ हसताना कोणी बघितलं नाही.

मी उठलो. मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणालो, "ही कोणाची बाई गेली? माझ्या ओळखीची नाही. आमच्या गल्लीतली सिस्टर उघड्या खांद्याच्या बायांची पुस्तकं वाचायची आणि खदखदा हसायची. तिची पुस्तकं पोत्यात घालून तुम्ही उसनी पुस्तकं मांडली. तिची लाज वाटते तर हार कशाला घातला?"

भाचा म्हणाला, "काका, बसा. पाहुणे आलेत."

"पाहुण्यांनाच सांगतोय."

सर हळू आवाजात म्हणाले, "रंगनाथराव, तुम्हाला इंग्रजी येतं का? त्या पुस्तकांत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही."

"इंग्रजी येत नाही. ऐकू येतं. तुम्हाला इंग्रजी येतं, सर, पण त्यातलं एक तरी तुम्ही वाचलं का?"

मागं बायकांत गयाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "कपाट वाचनालयाला द्या म्हणली व्हती सिस्टर. आमी बी ऐकलंय." ते तिनं ऐकलेलं नव्हतं, पण त्या दिवशी मी तिला टोकलं नाही.

मग कमिटीनं मीटिंग घेतली. कपाट आलं, पुस्तकंही आली. पण कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली अध्यक्षांकडं गेली. लहान मुलं येतात, कव्हरं बरी दिसत नाहीत, असं कारण. म्हणजे पोत्यातून काढून तुरुंगात घातली. मी रोज विहारात जायचो आणि त्या कुलपाकडं बघत बसायचो. सर यायचे तसा मी विचारायचो, "कधी उघडणार?" ते म्हणायचे, "विचार चालू आहे." मी म्हणायचो, "विचार तुमचा चालू आहे, ट्रंक त्या माणसाच्या खांद्यावर आहे."

त्यांच्या घरातही हेच चालू असणार. लताबाईंनी त्यांना काय ऐकवलं ते मला ठाऊक नाही. पण एका नळाच्या दिवशी सर गॅलरीतून खाली आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. सिस्टरबाईंच्या फाटकाजवळ कोणीतरी ओटा पुसून ठेवला होता, तिथं बसले. गुंडाळी सोडली. उघड्या खांद्याची बाई बाहेर आली.

"कुठपर्यंत आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कुठं ठेवू," सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

सरांनी पान काढलं आणि वर्गात शिकवावं तसं सुरू केलं. "नायिका यावेळी संभ्रमावस्थेत असून..."

लताबाई म्हणाल्या, "अहो, असून नको. ती काय म्हणाली ते सांगा."

मला वाईट वाटलं. बाईंच्या तोंडी जे घोड्यासारखं पळायचं ते यांच्या तोंडी लंगडत होतं. मी उठणारच होतो. तेवढ्यात सर वाचता वाचता थांबले. खांदे हलले. आधी मला वाटलं ठसका लागला. मग त्यांनी चष्मा काढला, हात वर केला आणि म्हणाले, "थांबा."

तो हात मी ओळखत होतो.

आणि नळातून फुसफुस आवाज आला. पाइपांनी अंग हलवलं. आठवड्याचं पाणी. मी सवयीनं उठलो, कारण या गल्लीत बादलीवरून सर्वांत जास्त भांडलेला माणूस मीच आहे. गयाबाईनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"बसा भाऊ. सिस्टरनं लई दिवस थांबवलं त्या ड्यूकला. आज नळ थांबंल."

कोणी उठलं नाही. पाणी ड्रमाबाहेर पडलेल्या पाइपातून रस्त्यावर वाहत होतं, माझ्या पायाखालून जात होतं, आणि सर डोळे पुसत होते.

"ती म्हणाली," ते म्हणाले, "खाली ठेवू नका. मी तुमच्याबरोबर येतेय, ट्रंक परत बाहेर न्यायचीच आहे."

बायका हसल्या. सरही हसले, पुन्हा. मग सगळ्याजणी ड्रमांकडं पळाल्या. मी सरांपुढं हात केला. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

कपाट आता उघडं असतं. पुस्तकांना कव्हरं घातलेली नाहीत.