आरशातून ऐकणारे मामा

मामांच्या सलूनमधला आरसा मी फोडला. वरचा दिवा नीट लावून देतो म्हणून स्टुलावर चढलो, भिंतीला ड्रिल लावलं आणि भिंतभर पसरलेला आरसा सुटून खाली आला. मामांनी आधी माझे पाय पाहिले, कुठं कापलं तर नाही ना म्हणून. मग म्हणाले, "दिवा झकास लागलाय. आता बघायचं कशात?"

नवा आरसा यायला वेळ होता. तोवर गिऱ्हाइकाच्या हातात छोटा आरसा द्यायचं ठरलं. आणि त्याच दिवसापासून मामा बहिरे झाले.

अगदी ठार नव्हे. पण शेजारचे शिंपीकाका खुर्चीत बसून पुटपुटले, "मागून कमी करा, पुढचे राहू द्या," आणि मामांनी मान डोलावून पुढचेच उतरवले. बाकीचे खुर्चीतून ओरडायला लागले. एक जुनं गिऱ्हाईक तर दारात वळून म्हणालं, "वय झालं तुमचं. कानाशी वस्तरा फिरतो, भीती वाटते." ते मात्र मामांना स्वच्छ ऐकू गेलं.

त्यांनी कात्र्या पुसून फडक्यात गुंडाळल्या. "दुकान बंद करावं म्हणतो."

मी ते फडकं पुन्हा सोडलं. आईनं मला शिकायला त्यांच्याकडे ठेवलं, तेव्हापासून माझा अभ्यास याच दुकानाच्या बाकावर झाला. माझ्या डोक्याला बाहेरून आणि आतून आकार दिला तो याच माणसानं. आतून जमला नाही, तो दोष मालाचा.

ओढतच त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बंद खोलीत, कानांवर हेडफोन लावून, हळू आवाजात ऐकवलेले निम्मे शब्द मामांचे हुकले. मग बाई समोर बसून तितक्याच हळू आवाजात बोलल्या. जवळजवळ सगळे कळले. बाईंनी तोंडापुढे कागद धरला, की पुन्हा निम्मे हुकले.

"कान थोडे मंदावलेत," बाई म्हणाल्या. "पण मेंदूच्या ऐकण्याच्या भागातल्या कित्येक पेशी डोळ्यांकडूनही खबर घेतात. ओठ हलताना दिसले, की त्या आधीच सावध होतात आणि आवाज पोचला की जास्त जोरानं जाग्या होतात. आवाज जेवढा बारीक, तेवढी ही मदत मोठी."

"म्हणजे मी डोळ्यांनी ऐकतो?"

"ऐकता कानांनीच. डोळे साक्ष देतात."

मी कपाळावर हात मारला. केस कापणारा उभा असतो गिऱ्हाइकाच्या पाठीमागे. त्याचं तोंड दिसतं ते आरशात! "मामा, इतकी वर्षं तुम्ही आरशात बघून ऐकत होता. अन् तो मी फोडला!"

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "माझ्या कपाटाचं आरशाचं दार काढा. यांचं दुकान बंद झालं तर दिवसभर घरात बसतील. ते मला परवडायचं नाही."

सकाळी ते दार भिंतीला बसलं. पहिले आले शिंपीकाका. खुर्चीत बसून, स्वतःशीच बोलल्यासारखे हळूच म्हणाले, "या खेपेला तरी पुढचे राहू द्या."

"राहिलेत कुठं?" मामा आरशात बघून म्हणाले.

काका आधी दचकले, मग हसून हसून खुर्चीतून घसरले. मामांनी खिशातून रुमाल काढला आणि केस उडाल्याचं निमित्त करून डोळे पुसले. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच. त्या हाताचं ओझं मला अजून हवंसं वाटतं.

नवा आरसा आला तो हातभर आखूड. मापं मीच दिली होती. त्यामुळे दार दुकानातच आहे, आणि मामी खिडकीच्या काचेत बघून वेणी घालतात. मी दिसलो की विचारतात, "आलास? अन् माझं दार?"

"आणतोच, मामी," मी म्हणतो.