उसाच्या खोपीतला मंडपांचा सण

इस्राएलाला आपला मसीहा का दिसला नाही, हा माझा आवडता विषय. मी निवृत्त शिक्षिका. समजावून सांगायची खोड जाता जात नाही. विश्रामबागेत आमच्या घरी दर शुक्रवारी ख्रिस्ती शास्त्राभ्यास चालतो. वल्हांडणाचं कोकरू, पहिल्या पिकाची पेंढी, मंडपांचा सण, या यहुदी सणांत मसीहा कसा दडला आहे हे मी तक्ते लावून सांगत असे. "सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी त्यांना दिसलं नाही," असं म्हणताना माझ्या आवाजात कीव असायची आणि, खोटं कशाला बोलू, थोडा तोराही. आपल्यासारख्या मागाहून कलम करून लावलेल्या फांदीने इस्राएलाच्या मूळच्या फांद्यांपुढे फुशारकी मारू नये, असं शास्त्र बजावतं. ते मला पाठ होतं. नुसतं पाठच.

गेल्या दिवाळीनंतर कडेगावच्या ख्रिस्ती मंडळीने मला मंडपांच्या सणावर बोलायला बोलावलं. आमच्या यांना मधुमेह आहे, सकाळी इन्सुलिन घ्यावं लागतं. ते घेऊन झालं, पण उशीर होतोय म्हणून मी त्यांना नाश्ताच करू दिला नाही. "तिथे गेल्यावर खा," म्हटलं. वर कडी म्हणजे, पिशवीत तक्ते मावेनात म्हणून यांचा साखरेचा डबा मीच बाहेर काढून ठेवला.

कडेगावच्या अलीकडे स्कूटर डुलायला लागली. यांनी ती कशीबशी कडेला घेतली. शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही कोण?" चाळीस वर्षांचा आमचा संसार! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. साखर उतरली आहे हे कळत होतं, पण डबा घरी आणि फोनला रेंज नाही. मी येईल त्या गाडीला हात करू लागले. दोन गाड्या तशाच निघून गेल्या. "प्रभू, चमचाभर साखर धाड," एवढीच प्रार्थना तोंडात होती.

"आवं मावशी, काय झालं?" मागून आवाज आला. ऊसतोडीला आलेली एक बाई हातात कोयता घेऊन उभी होती.

"साखर आहे का हो तुमच्याकडे? यांची साखर उतरलीय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आवं, साकरंच्या रानात हुबं ऱ्हाऊन साकर मागतायसा व्हय?"

मी वळून पाहिलं. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच ऊस उभा होता.

ती बोलत बसली नाही. तिने एक ऊस तोडला, सोलला, दगडावर ठेचला आणि जवळच्याच खोपीतून आणलेल्या धुतलेल्या फडक्यातून वाटीत पिळला. घोट घोट करून यांना पाजला. मग दोघींनी धरून यांना तिच्या खोपीत नेलं. तिने चुलीवर गोड चहा ठेवला. थोड्या वेळाने यांनी मला नावाने हाक मारली, आणि मी त्या परक्या बाईसमोर ढसाढसा रडले.

खोप पाचटाची, उसाच्या वाळल्या पानांची होती, वरच्या फटींतून आभाळ दिसत होतं. मंडपांच्या सणावर इतकं बोलले, पण अशा पानापाचोळ्याच्या मंडपात बसले ती पहिल्यांदाच. देवाने कुठून आणि कसं द्यावं तेही मीच ठरवून टाकलं होतं, अगदी चमच्यानिशी! इस्राएलासाठी त्या दिवशी माझं मन प्रथमच खरोखर भरून आलं. मीही त्यांच्यातलीच निघाले होते.

बाई जतकडची. तिचे वाडवडील मेंढरं राखायचे. कुठं निघालाय, असं तिने विचारलं, तेव्हा मी सांगितलं की आमच्या शास्त्रात एक सण आहे, देवाने पूर्वजांना रानात सांभाळलं याची आठवण म्हणून लोक सात दिवस अशाच खोपीत राहतात.

ती हसली. "सातच दिस? आमी सा म्हैनं ऱ्हातो की." मग चहाची वाटी पुढे करत म्हणाली, "मंग तुमच्या द्येवाला आमची खोप ठावं आसंल."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. तिथेच तर त्याने आम्हाला आणलं होतं.

हे पुरते सावरल्यावर आम्ही कडेगावला पोहोचलो. मंडळी वाट पाहत होती. मी एवढंच सांगितलं की आज मला समोरचं दिसलं नाही, प्रभूने एका बाईकरवी माझी मान वळवली. आपल्या लाडक्या इस्राएलाचीही तो वळवील. मग आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले. यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो उबदार होता.