मावसाजींचा सिनेमा अन् माझाच मोर्चा

जवळ ये वं मंदे. तू तिकडं नागपुरात अन् मी इकडं मारेगावात, तरी जवळच ये. मोठ्यानं सांगण्यासारखी गोष्ट नाही हे. लग्न झालं अन् मावशीले विसरली! फोन केला की 'येतो मावशी, येतो मावशी', अन् औंदा भीमजयंतीलेही आली नाहीस. आली असतीस तर मले हे लिहून काढायचे कष्ट पडले नसते, गल्लीतल्या कोणीही तुले फुकटात सांगतलं असतं.

तर ऐक. तुझ्या मावसाजीनं उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, अन् त्यांले दारुडा मी केलं.

तुले माहीत आहे, गायकांच्या जीवनावरचे सिनेमे म्हणजे माझा जीव की प्राण. देशी असो, विलायती असो, हिंदीत डब केलेला असो, एकही सोडला नाही. एकात बाप पेटी फोडते, दुसऱ्यात मामा ढोलकी चुलीत घालते. मग गरिबी, मग टाळ्या, मग दारू, मग बायको ट्रंक उचलून निघते, मग हिरो रस्त्यावर पडते, मग परत स्टेज अन् परत टाळ्या. मले सर्वात आवडते तो पडायचा भाग. हिरो पडल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (अन् पडला की रडण्यामुळं उतरत नाही. म्हणून सिनेमाच्या दिवशी मी खिचडीच टाकते.)

आता आपल्या घरातही गायक आहेच ना! जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजल्या अन् रात्री भीमगीतं गायली, असा मावसाजींचा जन्म गेला. त्यांच्या गायन पार्टीले केळापूरपासून लोहाऱ्यापर्यंत बोलावणं यायचं. जयंतीच्या कार्यक्रमाचं पहिलं गाणं दरवर्षी त्यांचंच. पण औंदा म्हणाले, "गळा थकला वं. यावर्षीचं पहिलं गाणं म्हणतो, मग पोराइले देऊन टाकतो."

हे जयंती समितीच्या कानावर गेलं. ते म्हणाले, गाण्याच्या आधी मावसाजींवर एक लहानसा सिनेमा पडद्यावर दाखवू. मोबाइलवर शूटिंग करायचं काम आमच्या सुनेकडे, सोनालीकडे आलं. अन् कथा कोण सांगणार? मी! एवढे सिनेमे पाहिलेली बाई मारेगाव तालुक्यात दुसरी होती कोण?

मी चष्मा लावून मावसाजींसमोर बसली.

"तुमच्या बापानं पेटी फोडली होती का?"

"नाही वं. त्यानंच तं घेऊन देल्ली."

"मारलं तं असन?"

"मारलं एकदा. बकरी सोडून देल्ली म्हणून."

"गाण्यापायी नाही?"

"गाणं ऐकून तं तो रडे बिचारा."

पाहा! असा बाप असल्यावर सिनेमा कसा उभा राहील?

"बरं, माह्या आधी कोण्या पोरीवर जीव लागलता का? खरं सांगा, मी काही म्हणत नाही."

"तुह्या आधी मी वावरातच राहो वं. तिथं बैल होते."

सोनाली तोंडाले पदर लावून हसत होती. मी वही आपटली. "बाप चांगला, बायको चांगली, पोरगी कोणी नाही! लोकं काय पाहतीन? तुम्हाले पिऊन पडाच लागते."

"अवं, डोकं फिरलं काय तुहं? नियम कोणाचा हाय?"

नियम माझाच होता. महिला मंडळाची अध्यक्ष मी. जो माणूस पिऊन रस्त्यावर दिसला, त्याच्या दारासमोर संध्याकाळी थाळ्या वाजवायच्या अन् त्या वर्षी जयंतीच्या स्टेजवर त्याले पाय ठेवू द्यायचा नाही. 'कोणतंही कारण ऐकून घेतलं जाणार नाही', हे वाक्यही माझंच. कारण दारुड्याजवळ कारणं लय असतात, कोणाले खोकला, कोणाच्या साळ्याचं लग्न.

"खरी कोण पाजून राहिलं तुम्हाले?" मी म्हटलं. "काळा चहा भरू बाटलीत."

बाटली घरातच होती. मंडळानं जप्त केलेली, पुरावा म्हणून माझ्याच माळ्यावर ठेवलेली! तीन पाण्यानं धुतली, चहा भरला, मावसाजींच्या हातात देल्ली अन् सांगतलं, "त्या हापशीजवळ जा, लटपटा, पडा. मधात कोणीही येवो, सोनाली 'झालं' म्हणेपर्यंत शुद्धीवर यायचं नाही. अन् एकच वाक्य बोला: दुनियेनं मले ओळखलं नाही!"

सोनालीले मी स्लॅबवर चढवलं. मोठ्या सिनेमात असा सीन वरूनच घेतात, म्हटलं. तिथंच तर घोळ झाला. वरची सोनाली कोणाले दिसेना, अन् हापशीजवळचा दारुडा अख्ख्या गल्लीले दिसे! मी घरात आरशासमोर ट्रंक उचलून निघून जायची तालीम करत होती, अन् मधून मधून खिडकीतून वर ओरडत होती.

तेवढ्यात तिथून चालली रंजनाबाई, मंडळाची उपाध्यक्ष. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "भाऊजी? तुम्ही?"

आता साधा माणूस असता तर म्हणाला असता, 'काही नाही बाई, सिनेमा चालू हाय.' पण मावसाजी बायकोचे आज्ञाधारक! त्यांनी हापशीले मिठी मारली अन् हंबरडा फोडला, "दुनियेनं मले ओळखलं नाही!"

"आता ओळखलं," म्हणून रंजना निघून गेली.

हे मले काय माहीत! सीन झाला, मावसाजी आतल्या खाटेवर आडवे झाले, मी कणीक भिजवायले बसली. अंधारून येत होतं, अन् बाहेर थाळ्या वाजल्या! अध्यक्ष बाईच्या अंगात वीज येते ना मंदे, तशी आली. कणकेचे हात तसेच, परात पालथी केली, लाटणं घेतलं अन् धावली रस्त्यावर.

"कोण पिला वं?"

बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहत. एकीच्या डोळ्यात तर पाणी! रंजना गळ्यात पडली. "ताई, तुम्ही सोता परात घेऊन आल्या! याले म्हणतात अध्यक्ष."

मले वाटलं, कामाची कदर झाली. मी अजून फुगली. "अध्यक्ष झाली म्हणून काय, कोणाचंही घर असो, सोडायचं नाही!"

"सोडायचं नाही!" सगळ्या ओरडल्या.

"चला मंग!"

"तुम्हीच पुढं व्हा ताई, आम्हाले लाज वाटते."

मी पुढं झाली. आता आमच्या गल्लीत थाळ्या वाजल्या की जायचं घर एकच, गुलाबरावाचं. मी मोर्चा थेट त्याच्या दारात नेला अन् परातीवर असं लाटणं हाणलं की त्याचं कुत्रं खाटेखाली शिरलं. गुलाबराव भाकर हातात घेऊनच बाहेर आला.

"काय जी ताई? आज तं म्या घेतलीच नाही! पितो तवा येता तं येता, अन् आज पोटभर जेवतो तं तेबी देखवत नाही?"

रंजनानं माझी बाही ओढली. "ताई, इथं नाही. मागं चला."

"मंग कोणाच्या घरी?"

"चला तं."

गुलाबरावाले अन्याय सहन झाला नाही. जन्मात पहिल्यांदा तो शुद्धीत होता अन् पहिल्यांदाच त्याच्या दारात बिनकामाचा मोर्चा आला होता. "थांबा, मी बी येतो! कोण हाय तो, ज्याच्यापायी माही बदनामी झाली?" म्हणत त्यानं आपली थाळी घेतली अन् तोही मोर्चात!

मोर्चा फिरला अन् आमच्या दारासमोर येऊन थांबला.

"थांबल्या काहून?" मी म्हटलं. "पाणी पाहिजे का कोणाले?"

कोणी पाणी मागितलं नाही. थाळ्या मात्र जोरात वाजल्या. मंदे, तेवढ्यात दार उघडलं अन् मावसाजी बाहेर आले. सदऱ्यावर चहाचे डाग, केस उभे. समोर एवढी गर्दी, एवढा आवाज! त्यांले वाटलं, पडायचा सीन झाला, आता टाळ्यांचा सीन आला. त्यांनी दोन्ही हात जोडले अन् सगळ्यांकडे पाहून वाकून वाकून नमस्कार केला.

"पाहा, अजून उतरली नाही," गुलाबराव म्हणाला. त्याले यातला अनुभव दांडगा!

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी परात खाली ठेवली. "अवं बायाहो, ते खोटं होतं! सिनेमा होता! बाटलीत काळा चहा होता!"

"ताई," रंजना हळूच म्हणाली, "'कोणतंही कारण ऐकून घेतलं जाणार नाही', हे कोणाचं वाक्य हाय?"

मंदे, मी पहिल्यांदा गप्प झाली. (तुझा विश्वास बसणार नाही, पण झाली.) मावसाजींले आता सगळं समजलं होतं. ते ओट्यावर बसले. म्हणाले, "राहू द्या. नियम हाय तं सगळ्याइले हाय. औंदाचं पहिलं गाणं दुसरा कोणी म्हणन." अन् आत निघून गेले. चिडून बोलले असते तर परवडलं असतं. आतून हार्मोनियमची पेटी बंद केल्याचा आवाज आला, तो माझ्या काळजात बसला.

सोनाली मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. कानात म्हणे, "आई, शूटिंग दाखवू का? पण त्यात तुमचा आवाज बी हाय."

"काय बोलली मी?"

"लय बोलल्या तुम्ही."

"दाखव," मी म्हटलं. "सगळ्याइले ऐकू जाईन असं दाखव."

सगळ्या बायका मोबाइलवर वाकल्या. पडद्यावर मावसाजी हापशीजवळ बसून राहिले होते, अन् मागून माझा आवाज, अख्ख्या मोर्चाले ऐकू जाईल असा: "सोनाले, सांग म्हाताऱ्याले, दारुड्यासारखं पड म्हणा! कंबरदुखीवाल्यासारखं काय पडते! अन् बाटली तोंडाले लाव म्हणा, चहा काय माह्या तेरवीसाठी ठेवून राहिला?"

आधी रंजना हसली. मग बाकीच्या. गुलाबराव तर थाळी पोटाशी धरून खाली बसला. म्हणे, "ताई, मले बोलवायचं ना! मी फुकटात पडून दाखवलं असतं."

मावसाजींची निर्दोष सुटका झाली. पण रंजना उपाध्यक्ष आहे, मंदे, माझ्याच हाताखाली तयार झालेली. ती म्हणाली, "नियम दुसरा बी हाय ताई. पाजणाऱ्याले पिणाऱ्याच्या दुप्पट शिक्षा. तो बी तुमचाच." गावठी विकणाऱ्यांसाठी केला होता मी तो नियम! पण हात वर झाले अन् ठराव पास. सर्वात उंच हात गुलाबरावाचा, अन् तो मंडळाचा मेंबरही नाही.

जयंतीले माझी स्टेजवरची खुर्ची गेली. मी मंडपामागं पुऱ्यांच्या कढईजवळ. मावसाजींनी पहिलं गाणं सुरू केलं. वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला अन् मी झारा हातात धरून डोळे मिटले. पण लोकांनी ती ओळ उचलली वं! बायका, पोरं, सगळा मंडप गाऊ लागला, अन् त्या आवाजातून मावसाजींचा आवाज परत वर आला. माझा कढईतला अख्खा घाणा जळाला. काळ्या पुऱ्या मीच खाल्ल्या, पण मन भरलं.

अन् सिनेमा? तोही दाखवला. समितीनं पडायचा सीन कापला, मग सोनालीनं रिकाम्या जागी दुसरं काही बसवलं. थाळ्या ऐकून ती परत स्लॅबवर गेली होती म्हणे! गायक दोन मिनिटं, अन् परात बडवत स्वतःच्याच घरावर मोर्चा नेणारी बाई पाच मिनिटं. लोकांनी 'परत लावा, परत लावा' करून तीनदा पाहिला. आता वणीकडचा पाहुणा आला तरी मावसाजींले विचारत नाही, म्हणतो, "ते मोर्चावाली बाई कुठं राहते?"

तर ये वं मंदे, लवकर ये. जावाईबापूले घेऊन ये, चांगली राहायले ये. मावसाजी तुले गाणं ऐकवतीन. अन् सोनाली म्हणते, पुढचा सिनेमा तुमच्यावर काढू आई. मी विचारलं, "अन् माह्या सिनेमात पडायचा सीन कोणता घेशील?" तर म्हणे, "तो वेगळा कायले घ्या लागते? तुम्ही फक्त रोजच्यासारखं वागा, मी मोबाइल चालू ठेवते."